मुंबईचे छत्तीस आमदार: त्यांचं काम काय आणि आपण मागतो काय?

चाळकरी

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक एकदाची झाली. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या मुंबईला पुन्हा २२७ नगरसेवक मिळाले. तरी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावरून तुंबलेल्या गटाराचा फोटो जातो तो आमदारांच्या पीएला. नव्या नगरसेविकेचा नंबर अजून कुणी सेव्हसुद्धा केलेला नाही. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नव्हतेच, लोक जाणार तरी कुठे, हे कबूल. पण आता ते आलेत, तर आमदाराला आमदाराचं काम सांगायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईत माणसाचं घर ज्याच्यावर टिकतं किंवा जातं, ते बहुतेक सगळं विधानभवनात आणि मंत्रालयात ठरतं. भाडे नियंत्रण कायदा (१९९९) राज्याचा. म्हाडा कायदा (१९७६) राज्याचा. झोपडपट्टी कायदा (१९७१) राज्याचा. विकास नियंत्रण नियमावली महापालिका तयार करते, पण शेवटचा शिक्का नगरविकास खात्याचा. झोपडी कुठल्या तारखेपर्यंतची पात्र धरायची, आधी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११, हेही राज्यानेच ठरवलं. आणि आपण आमदाराकडे काय मागतो? पेव्हर ब्लॉक, बाकडी, उद्यानात व्यायामाची यंत्रं.

नोव्हेंबर २०२४ चा मुंबईचा निकाल असा होता: भाजप १५, उद्धव ठाकरे यांची शिवसेना १०, एकनाथ शिंदे यांची शिवसेना ६, काँग्रेस ३, अजित पवारांची राष्ट्रवादी १, समाजवादी पक्ष १. एकूण ३६. विधानसभेच्या २८८ पैकी बरोबर आठवा हिस्सा. एवढी माणसं घरांच्या प्रश्नावर एका सुरात बोलली तर कुठल्याही सरकारला ऐकावं लागेल.

तर आपापल्या आमदाराने घरांबद्दल सभागृहात काय विचारलं, काय मिळवलं, ते इथे लिहा, मी वहीत नोंदवतो. पक्षावरून हाणामारी नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

बोरिवली_स्लो

पहिला नंबर माझा. खिडकीची जागा पकडली आहे, भांडण सुरू झालं की उठवा.

पूर्वद्रुतगती

चाळकरी, तुमचं म्हणणं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. एकदा सकाळी साडेनऊला एखाद्या आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात जाऊन बसा. (मतदारसंघ सांगत नाही, पूर्व उपनगरातला आहे.)

भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वर नेत्यांचे फोटो, टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा. पीए मान वर न करता विचारतो, ‘मतदान कुठे?’ मतदारसंघाबाहेरचे असाल तर सूर बदलतो. काम कायद्याचं असो की गटाराचं, पहिला प्रश्न हाच. माझ्या पुढे एक बाई होत्या, त्यांना पालिकेच्या रुग्णालयात नवऱ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे जात होती म्हणून पत्र हवं होतं. त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ, परिशिष्ट दोनमध्ये (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रता यादीत) अपात्र ठरलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत १९९८ चं वीजबिल. मग शाळेचा प्रवेश, मग पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत म्हणून आलेली दोन पोरं, मग मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्ज. पीएने प्रत्येकाला पत्र दिलं. मजकूर तयारच असतो, नाव तेवढं भरायचं. ‘आपल्या स्तरावर नियमानुसार कार्यवाही व्हावी ही विनंती’ आणि खाली सही.

त्या पत्राने काम होतं का? कधी होतं, कधी नाही. पण त्या माणसाच्या हातात एक कागद येतो आणि तो कागद दाखवल्यावर पुढच्या खिडकीवरचा कारकून निदान मान वर करतो. भाडे नियंत्रण कायद्यातल्या दुरुस्तीने हे होत नाही.

चाळकरी

पण तुमच्याच त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं बघा ना. ते अपात्र ठरले कशामुळे? पुराव्याची यादी आणि कटऑफ तारीख, दोन्ही राज्याने ठरवलेली. त्यांच्या आमदाराने पत्र एक दिलं की शंभर, यादी तीच राहणार. यादी बदलायची जागा सभागृह आहे. पत्र एकाचं काम करतं, तेही झालं तर.

पूर्वद्रुतगती

आणि यादी बदलेपर्यंत त्यांनी पिशवी घेऊन कुठे बसायचं?

नीलाक्षी

दोघांच्या भांडणात थोडे आकडे टाकते.

आमदार निधी, म्हणजे स्थानिक विकास कार्यक्रम, महाराष्ट्रात वर्षाला ५ कोटी. काही वर्षांपूर्वीपर्यंत २ कोटी होता, टप्प्याटप्प्याने वाढत २०२२ च्या अर्थसंकल्पात ५ झाला. हे पैसे आमदाराच्या खात्यात येत नाहीत. तो काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, आणि काम करते दुसरीच यंत्रणा. ‘आमदार निधीतून’ असा भला मोठा फलक लागतो तेव्हा त्यात आमदाराचं असतं ते शिफारसपत्र.

आता मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प: ७४,४२७ कोटी. छत्तीस आमदारांचा वर्षाचा निधी एकत्र केला तर १८० कोटी. त्या ७४ हजारांपुढे काय ते तुम्हीच बघा. मग प्रशासकाच्या काळात आमदार महापालिकेच्या पैशाकडे वळले यात नवल नाही. पालिकेनेच आमदार-खासदारांनी सुचवलेल्या कामांना पैसे द्यायची सोय केली, आणि २०२४ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं की सत्ताधारी आमदारांच्या मतदारसंघांत निधी गेला आणि विरोधकांच्या हाती काही नाही. त्याआधी जुलै २०२३ मध्ये उपनगरचे तेव्हाचे पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांना थेट महापालिका मुख्यालयात दालन मिळालं होतं, त्यावरूनही विरोधकांनी बराच गदारोळ केला.

दुसरी गोष्ट. नगरसेवक किती असावेत हेसुद्धा आमदारच ठरवतात. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे, आणि त्यात स्वल्पविराम हलवायचा तरी विधानमंडळात यावं लागतं. २०२१ च्या अखेरीस महाविकास आघाडी सरकारने २२७ चे २३६ नगरसेवक करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये शिंदे सरकारने ते पुन्हा २२७ केले. एकीकडे ही ओढाताण, दुसरीकडे ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं तेव्हा गाडी हलली. म्हणजे आपल्या दाराशी चार वर्षं नगरसेवक नव्हता, त्यातला एक धागा विधानभवनातच सापडतो. आणि तो नव्हता म्हणून लोक ज्याच्याकडे गेले तो आमदार. चक्र पूर्ण झालं.

५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तोही २०२२ मध्ये याच १८८८ च्या कायद्यात दुरुस्ती करून. तुमच्यापैकी किती जणांनी त्यासाठी आमदाराला पत्र लिहिलं होतं?

बोरिवली_स्लो

मी नाही. माझं घर ५१२ आहे. त्या बारा फुटांसाठी कुठल्या आमदाराकडे जाऊ?

गिरणगावचा_नातू

विषय निघालाच आहे तर थोडं मागे जातो. तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, २००४ च्या निवडणुकीपर्यंत मुंबईत ३४ जागा होत्या. शहर जिल्ह्यात १७, उपनगरात १७. फेररचना झाली आणि २००९ पासून शहरात १०, उपनगरात २६. कारण सरळ होतं. गिरण्या बंद पडल्या, माणूस विरार-कल्याणकडे सरकला. २००१ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३३ लाख, उपनगरात ८६ लाख. २०११ ला शहर ३१ लाखांवर उतरलं आणि उपनगर ९३ लाखांच्या पुढे गेलं.

पण त्यात गेली कुठली नावं बघा: परळ, नायगाव, दादर, माटुंगा, माझगाव, चिंचपोकळी, नागपाडा, उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस. दादर नावाचा मतदारसंघच आज मुंबईत नाही! शिवाजी पार्कवर सभा घ्यायच्या आणि आमदार माहीमचा.

त्यातला परळ कसा विसरणार. तिथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक दोन हजारांच्याही आतल्या फरकाने जिंकले आणि शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. आमचे आजोबा लाल बावट्याचे. त्या निकालानंतर चाळीत जिन्यावरून येता-जाता लोक एकमेकांशी बोलेनात असं घरात सांगायचे.

माझगावचं वेगळं. १९८५ आणि १९९० ला छगन भुजबळ, आणि १९९५ ला त्यांना पाडलं ते बाळा नांदगावकरांनी. नांदगावकर पुढे २००९ ला मनसेतून शिवडीचे आमदार झाले. त्या वर्षी मनसेच्या १३ पैकी सहा जागा मुंबईतल्या होत्या: शिवडी, माहीम, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, मागाठाणे. चिंचपोकळीने तर २००४ ला अरुण गवळीला निवडून दिलं होतं. तेव्हा दगडी चाळीबाहेर लोक तक्रारी घेऊन रांगेत उभे असायचे, कायदेमंडळातल्या प्रश्नांसाठी नव्हे!

आणि कालिदास कोळंबकर. आधी नायगाव, ते पुसल्यावर वडाळा. शिवसेना, मग काँग्रेस, मग भाजप. २०२४ ला सलग नवव्यांदा निवडून आले आणि नव्या विधानसभेत हंगामी अध्यक्ष म्हणून सगळ्यांना शपथ त्यांनीच दिली. पक्ष तीन, माणूस तोच. यावरून काय समजायचं ते समजा. मला तर पूर्वद्रुतगती यांच्या खुर्च्यांची रांगच दिसते.

नीलाक्षी

गिरणगावचा_नातू, माहिती मस्त. पण मृणाल गोरे राहिल्या की. १९६१ ला नगरसेविका, गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या, लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. १९७२ ला विधानसभेत गेल्या आणि तिथे महागाईवर सरकारला घेरलं. हंडा आणि सभागृह यांत त्यांना कधी निवड करावी लागली नाही. इथे आपण उगाच दोन टोकं करून बसलोय.

तिसरी_घंटा

सभागृहात विचारलं म्हणजे नक्की काय, हे आधी ठरवा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला नुसतं लेखी उत्तर. लक्षवेधी सूचनेवर मंत्र्याला निवेदन करावं लागतं, आणि मुंबईच्या इमारतींचे विषय बहुतेक तिथेच गाजतात. औचित्याच्या मुद्द्याला उत्तर मिळेलच असं नाही, पण तो मांडतानाची चित्रफीत संध्याकाळपर्यंत मतदारसंघात फिरते. त्यामुळे तो आमदारांचा आवडता प्रकार.

आता गंमत बघा. कुलाब्याचे आमदार राहुल नार्वेकर विधानसभेचे अध्यक्ष आहेत. ते प्रश्न विचारत नाहीत, इतरांना विचारू देतात. वांद्रे पश्चिमचे आशिष शेलार आणि मलबार हिलचे लोढा मंत्री आहेत, ते उत्तर देणाऱ्या बाकावर. म्हणजे उपकरप्राप्त इमारती (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती), पागडी (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेल्या जागा), जुने बंगले यांनी भरलेल्या दक्षिण टोकाच्या दोन मतदारसंघांतून प्रश्नच जाऊ शकत नाही. त्यांचं वजन वेगळ्या मार्गाने पडतं, ते मान्य. पण चाळकरींच्या वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहायचं?

प्रजा फाउंडेशन दरवर्षी मुंबईच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक काढतं. त्यात मंत्र्यांना बाजूला ठेवतात ते यामुळेच. मुंबादेवीचे अमीन पटेल, दिंडोशीचे सुनील प्रभू यांची नावं त्यात वरच्या बाजूला दिसत आली आहेत.

कागदपत्री

ते प्रगतीपुस्तक मी पण वाचतो. पण प्रश्नांची यादी कधी उघडून बघितली आहे का? एका प्रश्नाखाली दहा-पंधरा-वीस आमदारांची नावं असतात. विरोधी पक्षाचे एकत्र, कधी सगळ्या पक्षांचे मिसळून. त्यातल्या किती जणांनी तो प्रश्न वाचला असेल देव जाणे. आणि उत्तर ठरलेलं: ‘हे खरे आहे काय?’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली?’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’

मी एका शासकीय कार्यालयात काम केलं आहे (कुठल्या ते नको). अधिवेशन लागलं की उत्तरं लिहायचं काम येतं. रात्री उशिरापर्यंत थांबायचं. वरिष्ठांचा आग्रह एकच, उत्तरातून उपप्रश्न निघता कामा नये. पण एक सांगतो. ज्या फाइलवर प्रश्न लागला, ती फाइल कपाटातून बाहेर यायची. महिनोन्महिने न हललेली पत्रं त्या आठवड्यात निघायची. उत्तर कोरडं असलं तरी प्रश्नाने खालच्या टेबलावर हालचाल होते. चाळकरींच्या बाजूने एवढी साक्ष देतो.

पूर्वद्रुतगती

कागदपत्री, हे पटलं. ‘प्रश्न उद्भवत नाही’ वाचून मात्र हसलो.

डोंगरीची_गच्ची

मी मूळ विषयावर येते. आमची इमारत उपकरप्राप्त, अ वर्गातली, म्हणजे सप्टेंबर १९४० पूर्वीची. मालक एक ट्रस्ट, नाव घेत नाही. शहर भागात अशा तेरा-चौदा हजार इमारती अजून उभ्या आहेत. भाडं महिन्याला इतकं कमी की मालकाला दुरुस्तीत रस नाही, आणि पागडी दिलेली असल्याने भाडेकरू हलायला तयार नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि जिना मात्र टेकूवर.

२०२० मध्ये म्हाडा कायद्यात ७९-अ हे कलम घालणारी दुरुस्ती विधानमंडळाने मंजूर केली. राष्ट्रपतींची मंजुरी यायला २०२२ चा शेवट उजाडला. त्यात असं आहे: इमारत धोकादायक जाहीर झाली की आधी मालकाला सहा महिने. त्याने पुनर्विकासाचा प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने. तेही झालं नाही तर म्हाडा ताब्यात घेणार. कागदावर आमच्यासारख्यांना पहिल्यांदा हातात काहीतरी आलं. मग नोटिसांवरून मालक उच्च न्यायालयात गेले आणि सगळं पुन्हा तिथेच. इमारत धोकादायक ठरवायचा अधिकार नक्की कुणाचा, म्हाडाच्या अभियंत्याचा की महापालिकेचा, यावर घोडं अडलं.

हे कलम लिहिताना एकाही आमदाराने हा प्रश्न विचारला नसेल का? नोटीस कोण काढणार, तपासणी कशी होणार? ते तेव्हाच नीट लिहिलं असतं तर आज आमच्या जिन्याखाली टेकू नसता. मला आमदाराकडून बाकडं नको. विधेयकावर बोलताना त्याने आमचा जिना डोळ्यापुढे आणायला हवा होता.

चाळकरी

डोंगरीची_गच्ची, मी चार परिच्छेद खर्चून जे सांगत होतो ते तुम्ही शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलंत. २०२५ च्या नागपूर अधिवेशनात पागडीच्या इमारतींसाठी स्वतंत्र नियमावलीची घोषणा झाली आहे, त्याच्या मसुद्यावर तरी लक्ष ठेवायला हवं.

घाटकोपर_ते_सीएसएमटी

मला वाटतं तुम्ही लोक मतांचं गणित विसरताय. २०२४ ला माहीमला महेश सावंत १,३१६ मतांनी आले. २०१९ ला चांदिवलीत दिलीप लांडे ४०९ मतांनी. चारशे नऊ! एका मोठ्या इमारतीत तेवढी मतं असतात. अशा ठिकाणी आमदार ७९-अ वर भाषण करेल की त्या इमारतीची पाण्याची लाइन करून देईल?

आणि चांदिवलीत मतदार साडेचार लाखांच्या आसपास, वडाळ्यात दोन लाखांच्या. एकाच शहरात, एकच आमदार. चांदिवलीच्या माणसाला वडाळ्याच्या निम्मासुद्धा आमदार मिळत नाही. पुढची फेररचना होईल तेव्हा हे आकडे पुन्हा हलतील, आणि शहर जिल्ह्यातल्या दहाच्या आठ राहिल्या तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

दुसरं, ज्यांना कायद्याचं पडलंय ते मत द्यायला जातात का? कुलाब्यात निम्मे मतदारही बाहेर पडत नाहीत. रांगा कुठे लागतात ते मतदानाच्या दिवशी भांडुपला येऊन बघा.

बोरिवली_स्लो

घाटकोपर पूर्वेच्या पराग शहांनी २०२४ च्या शपथपत्रात तीन हजार तीनशे कोटींच्या वर मालमत्ता दाखवली होती. त्यांना वर्षाचा पाच कोटींचा आमदार निधी म्हणजे सुट्टे पैसे वाटत असतील.

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद काढले आहेत. कोण गद्दार आणि कोण खरी शिवसेना यावर चर्चा करण्यासाठी वेगळा धागा सुरू आहे. तिथे जावे.

बोरिवली_स्लो

उठवलं नाहीत कुणी मला. भांडण हुकलं.

शिवडीकर

बीडीडी चाळींबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्याला सामायिक. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. श्रेय कुणाचं यावर कार्यक्रमाच्या आधीच फलकयुद्ध झालं, ते असो. घरं मिळाली ती खरी.

आता शिवडी. १२ चाळी. जमीन मुंबई बंदराची, म्हणजे केंद्राची. म्हणून १९५ चाळींचा प्रकल्प निघाला आणि आम्ही १२ मागे राहिलो. इथला आमदार कुठल्याही पक्षाचा असो, सभागृहात प्रश्न विचारला की उत्तर येतं, केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे. खासदाराकडे गेलो की तो म्हणतो राज्याने प्रस्ताव द्यावा. चाळकरी, तुमच्या वहीत हाही एक रकाना करा. सगळं विधानभवनात ठरतं हे अर्धंच खरं. विलेपार्ले-कुर्ल्याच्या फनेल झोनवाल्यांना विचारा. इमारतीची उंची विमानतळाच्या नियमाने अडलेली, तिथेही दिल्लीच. कांदिवली-मालाडला संरक्षण खात्याच्या डेपोजवळच्या इमारतींची तीच रड.

चाळकरी

रकाना केला. पण मग त्या सगळ्या मतदारसंघांच्या आमदारांनी मिळून विधानसभेत ठराव आणून केंद्राला पाठवायला काय अडतं? पार्ल्याचे पराग अळवणी फनेल झोनवर वर्षानुवर्षं बोलत आहेत. एकट्याने बोलण्यात आणि आठ-दहा जणांनी पक्ष सोडून एकत्र बोलण्यात फरक आहे.

पूर्वद्रुतगती

पक्ष सोडून! हाहाहा. संपादक मंडळाने आत्ताच दोन प्रतिसाद काढलेत.

झोपुची_वाट

सगळ्यांचं वाचलं. आम्ही सहा-सात वर्षं भाड्याच्या खोलीत आहोत, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत झोपडं पाडून विकासक भाडं द्यायचा बंद झाला. विकासकाचं नाव लिहीत नाही, प्रकरण सुरू आहे. २०२३ मध्ये झोपु प्राधिकरणाने परिपत्रक काढलं की पाडण्याआधी विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं. चांगलं झालं, पण आमचं आधीच पाडलेलं. जुन्या योजनांचं काय, हे कुणी विचारत नाही.

मी आमदारांकडे गेले होते. पत्र मिळालं. पत्र घेऊन प्राधिकरणात गेले, त्यांनी शिक्का मारून घेतलं. आवक क्रमांक आहे माझ्याकडे. पुढे काही नाही. त्यामुळे पत्र चांगलं की प्रश्न चांगला या वादात मला पडायचं नाही. प्रश्न विचारायला लावता येत असेल तर कसं ते सांगा.

कागदपत्री

ताई, सांगतो. प्रश्न देण्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. पावसाळी अधिवेशन जून-जुलैला असतं, म्हणजे आमदारांच्या कार्यालयात एप्रिलमध्येच जायचं. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर फार तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा.

पीएला कथा सांगू नका, एका पानावर मसुदा द्या. योजनेचं नाव, भूखंडाचा सीटीएस क्रमांक, किती कुटुंबं, भाडं कधीपासून बंद, प्राधिकरणाला दिलेल्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख. प्रश्न असा लिहायचा की ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येऊ नये. उदाहरणार्थ, २०२३ च्या परिपत्रकापूर्वी सुरू झालेल्या किती योजनांत भाडं थकलं आहे, आणि त्यातल्या किती विकासकांना काढलं. आकडा मागितला की आकडा द्यावा लागतो. आणि एकट्या तुमच्या योजनेपुरतं ठेवू नका, नाहीतर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून उडवतील.

तुमचे आमदार मंत्री असतील तर शेजारच्या मतदारसंघातल्या आमदाराला द्या. कुठल्याही आमदाराला कुठलाही प्रश्न विचारता येतो.

तिसरी_घंटा

आणि विधान परिषद विसरू नका. तिथेही तारांकित, लक्षवेधी सगळं असतं. मुंबई पदवीधरचे अनिल परब, शिक्षकचे ज. मो. अभ्यंकर, शिवाय नगरसेवकांच्या मतांवर निवडून जाणारे दोन. त्यांना गटाराचे फोन कमी येतात, वेळ असतो.

झोपुची_वाट

एप्रिल म्हणजे फार दिवस नाहीत. आमच्या शेजारच्या दोन योजनांतही भाडं बंद आहे, त्यांनाही विचारते. एका पानात तीन योजना बसवायच्या की तीन पानं करायची?

कागदपत्री

एकच पान. तीन योजनांचा तक्ता करा, खाली प्रश्न. मसुदा इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप पाठवा, भाषा बघून देतो.

डोंगरीची_गच्ची

मी पण पाठवते, ७९-अ च्या तपासणीवर. मुंबादेवी, भायखळा, शिवडी, मलबार हिल इथल्या उपकरप्राप्त इमारतींत कुणी असेल तर इमारतीचा उपकर वर्ग, नोटीस आली का आणि कुणी काढली एवढं कळवा. मालक ट्रस्ट असेल तर तसं लिहा.

बोरिवली_स्लो

माझे बारा फूट कुठल्या तक्त्यात घालू?